पतसंस्थेची साइट न दिसणाऱ्या सभासदालाही चालवता यावी, तर काय करावं?

प्रश्न असा आला आहे. वाळवा तालुक्यातली एक पतसंस्था, पाच शाखा, साइट सहा वर्षांपूर्वी केलेली. एका सभासदाने लेखी तक्रार दिली: मला दिसत नाही, मोबाईल वाचून दाखवतो, पण तुमच्या साइटवर 'बटण, बटण, इमेज' यापलीकडे काही ऐकू येत नाही, ठेवीचे दर कळत नाहीत, अर्ज भरता येत नाही. साइट करणाऱ्या मुलाने कोटेशन दिलं आहे की कोपऱ्यात व्हीलचेअरच्या चिन्हाचं एक विजेट बसवतो, दरवर्षी इतके पैसे, विषय संपला. पंधरा दिवसांनी संचालक मंडळाची बैठक आहे. व्यवस्थापक विचारतात, मंडळापुढे काय ठेवू?

विजेटचं कोटेशन ठेवू नका, हे आधी सांगतो. कारण पुढे येईलच.

मी सांगलीत विश्रामबागला बसून अठरा वर्षं साइट करतोय. पतसंस्था, शाळा, दवाखाने, हळदीचे आणि बेदाण्याचे व्यापारी. त्यातल्या पहिल्या सात-आठ वर्षांत मी केलेल्या साइट थेट तुमच्या साइटसारख्याच होत्या, तेव्हा त्या मुलावर चिडू नका. मला शहाणपण आलं ते गावभागातल्या एका सरांमुळे. निवृत्त संगीत शिक्षक, काचबिंदूने नजर गेलेली. एका संगीत मंडळाची साइट मी नुकतीच करून दिली होती आणि सरांना तिथून कार्यक्रमाची जागा नोंदवायची होती. जमेना, म्हणून त्यांनी मला घरी बोलावलं.

सरांनी फोन टेबलावर ठेवला, कान जवळ नेला आणि बोट उजवीकडे सरकवलं. फोन बोलला, 'आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य एक चार शून्य आठ…' हे माझं आठ दिवस खपून केलेलं शीर्षचित्र. पुढचं बोट: 'लिंक'. पुढचं: 'लिंक'. पुन्हा 'लिंक'. ही फेसबुक, यूट्यूब वगैरेंची गोल गोल चिन्हं. मग आलं, 'अनलेबल्ड, बटन'.

"हे काय आहे?" सर म्हणाले.

"सर, तो मेन्यू आहे. त्या तीन रेघा असतात ना, त्या."

"रेघा मला कुठून दिसणार बाळा? नाव द्यायला काय झालं होतं त्याला?"

नाव द्यायला मला त्या रात्री चार मिनिटं लागली. 'मेन्यू उघडा' एवढे दोन शब्द. तेव्हापासून कुठलीही साइट हातावेगळी करण्याआधी मी डोळे मिटून फोनवर एकदा ऐकतो.

आता विजेट. ते काय करतं? अक्षर मोठं-लहान करतं, रंग उलटे करतं, काही ठिकाणी मजकूर वाचूनही दाखवतं. पण ज्याला दिसत नाही त्याचा फोन आधीपासून सगळं बोलतोच: कुणाचा कॉल आला, व्हॉट्सॲपवर काय आलं, यूपीआयने किती गेले. अँड्रॉइडवर त्याला टॉकबॅक म्हणतात, आयफोनवर व्हॉइसओव्हर. तुमच्या साइटने वेगळा आवाज काढला की दोन आवाज एकमेकांवर बोलू लागतात. आणि मूळ साइटमध्ये बटणाला नाव नसेल, तर विजेट ते नाव कुठून आणणार? अंदाज बांधतं. २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका विजेट कंपनीला दहा लाख डॉलर भरायला लावले. आमचं विजेट बसवलं की कुठलीही साइट आपोआप नियमांत बसते, हा त्या कंपनीचा दावा खोटा आहे, असं कमिशनचं म्हणणं होतं. अक्षर मोठं करायची सोय तर प्रत्येक ब्राउझरमध्ये फुकट असते. फक्त तुमच्या साइटने ती बंद केलेली नसावी. पुष्कळ साइटच्या कोडमध्ये व्ह्यूपोर्टच्या ओळीत, म्हणजे पान फोनवर कसं मावावं ते सांगणाऱ्या ओळीत, 'युजर स्केलेबल नो' असं लिहिलेलं असतं, म्हणजे बऱ्याच फोनवर दोन बोटांनी मोठं करता येत नाही. त्या मुलाला तेवढा तुकडा खोडायला सांगा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि तुमच्या साठीपुढच्या सभासदांना विजेटपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

तुमच्या तक्रारदाराला ठेवीचे दर का कळले नाहीत? मी साइट पाहिलेली नाही, तरी पैज लावतो: दरांचा तक्ता हे एक चित्र आहे. छापखान्यातून बॅनर करून आणला, त्याची जेपीजी टाकली. डोळ्याने बघणाऱ्याला तक्ता दिसतो, फोनला एक इमेज दिसते. चित्रामागे पर्यायी मजकूर, म्हणजे ऑल्ट, लिहायची सोय असते, पण 'व्याजदर तक्ता' एवढं लिहून भागत नाही, कारण दर तर कळलेच नाहीत. इथे खरा तक्ता हवा. एचटीएमएलचा, म्हणजे पानाच्या कोडमधलाच, साधा टेबल, पहिली ओळ आणि पहिला रकाना शीर्षक म्हणून खूण केलेला. मग सभासद बोटाने चौकटीवर आला की फोन म्हणतो, 'एक ते दोन वर्षं, ज्येष्ठ नागरिक, साडेआठ टक्के'. समजा दर बदलला, तर छापखान्यात परत जायला नको. शाखेतला कोणीही आकडा बदलू शकतो. मंडळाला हा मुद्दा पटकन पटतो, असा माझा अनुभव आहे.

चित्रातल्या अक्षरांचं दुखणं किती खोल जातं ते मला २०१९ च्या पुरात कळलं. ऑगस्टचे ते दिवस सांगलीकराला सांगायला नकोत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि पाणी त्याच्याही कितीतरी वर. जो तो एकच विचारत होता, पाणी किती फुटावर गेलं? सरांच्या फोनवर दर तासाला माहिती येत होती. कोयनेतून विसर्ग किती, पाणी किती फूट, कुठला रस्ता बंद. सगळी फोटोत. कागदाचे फोटो, तक्त्यांचे फोटो, टीव्हीच्या पडद्याचे फोटो. त्यांचा फोन प्रत्येक वेळी म्हणे, 'फोटो'. शेवटी आम्ही त्यांना विश्रामबागला घेऊन आलो, ते शेजारच्या पोराने ओरडून सांगितलं म्हणून. त्या फोटोंखाली कोणी नुसतं 'सकाळी आठ वाजता इतके फूट' असं टाइप केलं असतं तरी पुरे होतं.

तेव्हा पहिला नियम हाच धरा: अक्षरं अक्षरंच राहू द्यायची. पोस्टर टाकायचं तर जरूर टाका, चेअरमनसाहेबांचा फोटो आणि लोगोसकट टाका, पण खाली तोच मजकूर टाइप केलेला असला पाहिजे.

यातच मराठीचं एक खास दुखणं मिसळतं. तुमच्या संस्थेच्या नोटिसा, अर्ज, वार्षिक अहवाल कशात टाइप होतात? श्री-लिपी किंवा तसल्याच जुन्या फॉन्टमध्ये होत असतील तर पडद्यावर जे मराठी दिसतं ते आतून मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात, त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा. फॉन्ट काढून घ्या, 'सर्वसाधारण सभा' च्या जागी कंस, डॉलर आणि टिंबं उरतात. फोन तेच वाचतो. गूगलही तेच वाचतं, म्हणून तुमच्या गावाचं नाव आणि 'मुदत ठेव' असं शोधलं तर तुमचा अहवाल कधीच वर येत नाही. उपाय एकच, युनिकोड, म्हणजे जिथे मराठी अक्षर आतूनही मराठीच असतं. जुन्या फायली बदलायला कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नका. ऱ्हस्व इकार पुढच्या अक्षरावर जातो, रफार सुटतो, 'सुऱ्या' चा 'सुर्या' असं काहीही होतं. बदललेला मजकूर मूळ कागद हातात धरून एकदा वाचावाच लागतो. मागच्या दहा वर्षांचे अहवाल बदलत बसू नका. चालू वर्षाचे अर्ज, दर, पोटनियम आणि सभेची नोटीस एवढं आधी करा.

पीडीएफचंही तेच. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवला की ते पुन्हा चित्रच झालं. सहीची प्रत ठेवायची तर ठेवा, पण मजकूर पानावर द्या. कर्जाचा अर्ज पीडीएफमध्येच हवा असेल तर वर्डमधून शीर्षकं नीट लावून थेट पीडीएफ करा, छापून-स्कॅन करून नको.

भाषेची खूणही बघा. प्रत्येक पानाच्या वर एचटीएमएलमध्ये 'लँग' म्हणून एक नोंद असते. तयार थीम घेतली की तिथे इंग्रजीच असतं आणि कोणाचं लक्ष जात नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे टॉकबॅकसारखं पडदा वाचून दाखवणारं साधन, त्या नोंदीवरून आवाज निवडतो. इंग्रजी आवाजापुढे देवनागरी आली की काही अडखळतात, काही चक्क गप्प बसतात. तिथे मराठीचा कोड, 'एमआर', टाकायचा. काही जण हिंदीचा टाकतात. देवनागरी तीच ना, म्हणून. मग हिंदी आवाज 'चहा' आणि 'चमचा' मधला च सारखाच म्हणतो, आणि आपल्या माणसाला ते ऐकताना पाहुण्यांनी मराठी बोलल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे मराठीची खूण असली की काही फॉन्टांत ल आणि श यांची आपली, मराठी वळणाची रूपं आपोआप येतात. हे दिसणाऱ्यांसाठी बक्षीस समजा.

अक्षरांचं दिसणं हा भाग डिझाइनवाल्यांना इंग्रजीच्या सवयीने चुकतो. देवनागरीला वर वेलांटी-रफार आणि खाली उकार लागतात, तेव्हा ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट तरी हवंच, मी १.७ ठेवतो. बटणाची उंची पिक्सेलमध्ये बांधून टाकली की 'कर्जाची पूर्तता' मधला रफार वरून कापला जातो. दोन अक्षरांमधलं अंतर वाढवायची फॅशन इंग्रजीत शोभते, आपल्याकडे शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. तिरपं अक्षर नको. मूळ आकार १८ पिक्सेल.

रंगांचं गणित मात्र डोळ्यावर सोडू नका. साइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून डब्ल्यूसीएजी नावाचे जागतिक नियम आहेत, ते सांगतात की साध्या अक्षराचा आणि मागच्या रंगाचा उजेडातला फरक किमान ४.५ ला १ असावा, मोठ्या अक्षराला ३ ला १ चालतो. आपल्याकडच्या निम्म्या साइटवर केशरी पट्टीवर पांढरी अक्षरं असतात. झेंड्यातल्या केशरीसाठी वेबवर जी छटा सर्रास वापरतात तिच्यावर पांढरं टाकलं तर हा फरक जेमतेम २.१ भरतो. त्याच केशरीवर काळं टाका, जवळजवळ ९.८ होतो. रंग तोच, पट्टी तीच, फक्त अक्षर काळं. मोतीबिंदू झालेल्या सभासदाला फरक पडतोच, शिवाय मे महिन्यात जतच्या एसटी स्टँडवर भर उन्हात फोन धरून बसलेल्या पंचविशीतल्या पोरालाही पडतो. आणि हप्ता थकला तर लाल, भरला तर हिरवा, असं नुसत्या रंगावर ठेवू नका. लाल-हिरव्यातला भेद न कळणारी माणसं असतात. शेजारी 'थकीत' हा शब्द लिहा.

आता पान कसं बांधलं आहे ते. तुम्ही पेपर उघडता तेव्हा पहिल्या अक्षरापासून वाचत नाही, मथळ्यांवरून नजर फिरवता. न दिसणारा माणूसही तसंच करतो, फक्त कानाने: संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर असेल तर एच हे अक्षर दाबत एका शीर्षकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. पण शीर्षक खरं शीर्षक असलं तर. नुसतं ठळक आणि मोठं केलेलं वाक्य त्याच्या लेखी साधा मजकूर. पानाला एक मुख्य शीर्षक, त्याखाली दुसऱ्या पातळीची, मग तिसऱ्या. आकार आवडला म्हणून चौथी पातळी उचलायची नाही.

बटणाचंही असंच. कुठल्याही डब्याला, म्हणजे डिव्हला, रंग देऊन त्यावर क्लिक बसवता येतं आणि ते बटणासारखं दिसतं. पण कीबोर्डला ते सापडत नाही, फोनला ते बटण आहे हे कळत नाही. खरा बटन टॅग वापरला की हे सगळं फुकटात येतं. नव्या पोरांना हे सांगितलं की ती डिव्ह तसाच ठेवून त्यावर एरिया नावाची शिंगं बसवायला लागतात. एरिया म्हणजे स्क्रीन रीडरला जादा सूचना देण्याची पद्धत. जिथे पर्यायच नाही तिथे उपयोगी, पण चुकीची एरिया लावली तर काहीच न लावण्यापेक्षा वाईट. मी स्वतः महिन्यातून एखाद्या वेळी वापरतो.

तपासायला माणूस लागत नाही, यंत्रणा लागत नाही. माऊस बाजूला ठेवा. टॅब दाबत जा. प्रत्येक दाबण्याला पानावर कुठेतरी एक चौकट उजळली पाहिजे, आपण कुठे आहोत ते कळायला. बऱ्याच डिझाइनवाल्यांना ती चौकट 'घाण' दिसते म्हणून ते 'आउटलाइन नन' लिहून ती उडवून टाकतात. म्हणजे अंधारात जिना चढायला लावायचं. मेन्यूवर माऊस नेल्याशिवाय उघडतच नसेल तर तो कीबोर्डवाल्याला बंदच. आणि ज्याचा हात थरथरतो, ज्याला पक्षाघात होऊन गेलाय, तो कीबोर्डवालाच असतो हे मंडळाला सांगा. फोनवर बोटाने दाबायच्या जागा २४ बाय २४ पिक्सेलपेक्षा लहान नकोत असं २०२३ च्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये आलं आहे. मी ४४ धरतो. उसाच्या फडात काम करून आलेल्या हातांची बोटं डिझाइनवाल्याच्या बोटांएवढी नसतात.

पानाच्या अगदी वर 'मुख्य मजकुराकडे जा' अशी एक लिंक ठेवा, म्हणजे प्रत्येक पानावर मेन्यूतल्या पंधरा नोंदी ऐकाव्या लागत नाहीत. खरं तर पंधरा नोंदी हाच घोळ आहे. तुमचा मेन्यू बहुधा असा असेल: मुख्यपृष्ठ, आमच्याविषयी, संस्थापक, संचालक मंडळ, चेअरमन यांचे मनोगत, पुरस्कार, छायाचित्रे… आणि ठेवी कुठेतरी नवव्या जागी. एक काम करा. आठवडाभर शाखेत फोनवर लोक काय विचारतात ते वहीत टिपा. दर किती, कर्जाला काय कागद लागतात, शाखा कधी उघडते, पिग्मीची रक्कम कधी मिळते. तोच मेन्यू. चेअरमनसाहेबांचं मनोगत 'आमच्याविषयी' मध्ये छान बसतं. (हे मंडळात तुम्ही कसं सांगायचं ते तुम्ही बघा, मी एकदा तोंड पोळून घेतलंय.)

वरची सरकती पट्टी आणि आपोआप बदलणारे फोटो काढून टाका. ठेवायचेच असतील तर थांबवायचं बटण द्या. पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ आपोआप हलणाऱ्या गोष्टीला ते लागतंच. ज्यांचं वाचन हळू आहे त्यांचं वाक्य पुरं होण्याआधी पट्टी निघून जाते.

अर्जाकडे येऊ. इथे सगळ्यात जास्त माणसं गळतात, दिसणारीसुद्धा. चौकटीच्या आत फिकट अक्षरात 'मोबाईल क्रमांक' लिहिलेलं असतं आणि टाइप करायला लागलं की ते नाहीसं होतं. नाव चौकटीच्या बाहेर, वर, कायम हवं, आणि कोडमध्ये त्या चौकटीला जोडलेलं हवं. चूक झाली तर नुसती लाल किनार नको. 'पिन कोड सहा अंकी हवा' असं त्या चौकटीखाली लिहून यावं आणि फोनने ते वाचावं. मग एक आपला खास किस्सा: सभासद मराठी कीबोर्डवरून ९८ ने सुरू होणारा नंबर टाकतो आणि फॉर्म म्हणतो, चुकीचा क्रमांक. कारण फॉर्मला फक्त इंग्रजी अंक कळतात. देवनागरी अंक आतल्या आत बदलून घेणं दोन ओळींचं काम आहे, पण मराठी साइटवर ते केलेलं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलं.

कॅप्चा, म्हणजे ती वाकडी अक्षरं ओळखा वगैरे, शक्य तर काढाच. न दिसणाऱ्याला ती भिंत आहे. तुमच्या आकाराच्या संस्थेला खोट्या अर्जांचा त्रास असेल तर सर्व्हरवर मर्यादा घालून आणि फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारी एक सापळ्याची चौकट ठेवून तो आटोक्यात येतो. (ती चौकट स्क्रीन रीडरपासूनही लपवायला विसरू नका, नाहीतर तुमचा तक्रारदारच सापळ्यात सापडेल.) ओटीपी चिकटवू द्या, पेस्ट बंद करू नका. आणि वेळ संपून सगळं पुसलं जाण्याआधी सांगा, वाढवून मागता येऊ द्या. त्यासाठी निदान २० सेकंद मिळावेत असा नियम आहे. ऐकत ऐकत अर्ज भरणाऱ्याला तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो.

भाषाही बदला. 'सदरहू अर्जासमवेत खालील नमूद दस्तऐवजांच्या साक्षांकित प्रती जोडणे अनिवार्य राहील' हे वाचून कोण काय आणेल? 'अर्जासोबत आधार आणि पॅनच्या सही केलेल्या प्रती आणा.' बस.

मंडळात कोणीतरी विचारेल, कायद्याने हे लागतं का? अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याचं कलम ४६ सेवा देणाऱ्या सगळ्यांना, सरकारी असो वा खासगी, धरतं. कलम ८९ नुसार कायदा मोडला तर पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड, त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजार ते ५ लाख. संगणकीय सेवांसाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. ते प्रकरण केवायसीचं होतं: ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या बाईला कॅमेऱ्यापुढे पापणी लवता येत नव्हती म्हणून खातं उघडून मिळेना. पतसंस्थेच्या मंडळाला हे उदाहरण दंडाच्या आकड्यापेक्षा लवकर कळेल. पुढेमागे व्हिडिओ केवायसी आणायचं म्हणाल तेव्हा आठवण ठेवा.

कामाच्या आदेशात काय लिहायचं ते सांगतो, कारण इथेच ढिलाई होते. 'साइट सर्वांना वापरता यावी' असं गुळमुळीत नको. 'डब्ल्यूसीएजी २.२, पातळी डबल ए' असं लिहा (तीन पातळ्यांपैकी ही मधली). साइट ताब्यात घेण्याआधी मुलाने तुमच्यासमोर माऊस न वापरता ठेवीचा दर शोधून, कर्जाचा अर्ज पूर्ण भरून दाखवायचा. मग हेच टॉकबॅक लावून, पडदा झाकून. शेवटचा हप्ता त्यानंतर. क्रोममधल्या लाइटहाउससारख्या साधनाने शंभरपैकी शंभर आले असं तो दाखवेल. चांगलं आहे, पण ते साधन चित्राला ऑल्ट आहे की नाही तेवढं बघतं; ऑल्टमध्ये नुसतं 'फोटो' लिहिलं असलं तरी गुण देतं. एनव्हीडीए फुकट मिळतो, त्यात मराठी आवाज आहे, आणि त्याच्या साधनांमध्ये 'स्पीच व्ह्यूअर' चालू केला की तो काय बोलतोय ते लिहूनही दिसतं. नवख्याला कान बसेपर्यंत ते बरं पडतं. टॉकबॅक स्वतःच्या फोनवर लावून बघणार असाल तर आधी बंद कसा करायचा ते वाचून घ्या: बहुतेक फोनवर आवाजाची दोन्ही बटणं एकदम काही सेकंद दाबून धरायची. चालू झाला की एकदा टॅप करून काही उघडत नाही, दोनदा करावं लागतं, आणि माणूस घाबरतो. माझ्या एका ग्राहकाने फोन बिघडला म्हणून दुकानात नेला होता.

खर्चाचं म्हणाल तर वीस-पंचवीस पानांच्या साइटला, फॉर्मसकट, एका जाणकार मुलाचे बारा-पंधरा दिवस. विजेटला दोन-तीन वर्षांत जे पैसे जातील तेवढ्यात ते होतं. नवीनच साइट करत असाल तर जादा खर्च जवळजवळ नाहीच, पहिल्यापासून नीट बांधायची एवढंच.

पण एक सांगून ठेवतो: साइट बिघडते ती नंतर, रोजच्या वापरात. दिवाळीची सुट्टी आली, क्लार्कने व्हॉट्सॲपवरचं पोस्टर उचललं आणि चढवलं. सहा महिन्यांत पुन्हा चित्रांचा ढीग. म्हणून ज्या दोघा-तिघांच्या हातात साइटचा पासवर्ड आहे त्यांना अर्धा दिवस बसवा. त्यांच्या समोर तुमच्याच साइटचं जुनं पान टॉकबॅकवर लावा आणि काही न बोलता ऐकू द्या. मी हे प्रत्येक ग्राहकाकडे करतो. पहिली दोन मिनिटं हसतात, मग शांत होतात.

आणि तो तक्रारदार सभासद. बैठकीची वाट न बघता त्याला आजच उत्तर द्या: तक्रार मिळाली, ठेवीचे दर खाली लिहिलेत, कर्जाच्या अर्जासाठी अमुक शाखेत अमुक माणूस फोनवर माहिती घेऊन अर्ज भरून देईल, नवी साइट झाली की आधी तुम्हाला दाखवू, तासभर वेळ द्याल का. त्या तासाचं मानधनही द्या. साइट करणाऱ्याला देता तसं. फक्त हे उत्तर लेटरहेडवर छापून, सही करून, फोटो काढून पाठवू नका. सरळ टाइप करून पाठवा.